वार्धक्याच्या संस्थेचं पुढारपण कोणाकडे?

आजच्या भागात एका अशा संस्थेचा इतिहास सांगणार आहे, जिचं नाव तुमच्यापैकी फार जणांनी ऐकलं नसेल. पण तुमचे आई-बाबा अमेरिकेत राहत असतील, किंवा तुम्ही स्वतः साठीच्या पुढे असाल, तर तिच्या वर्तुळात वाढलेल्या कल्पनांचा तुमच्या घराशी संबंध आलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

सुरुवात १९६५ सालापासून करू. त्या वर्षी १४ जुलैला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ओल्डर अमेरिकन्स ॲक्टवर सही केली. सोळा दिवसांनी, ३० जुलैला, मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी जाऊन, म्हाताऱ्या हॅरी ट्रूमन यांना शेजारी बसवून, मेडिकेअरवर सही केली. आणि ३ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या लिबर्टी बेटावर नव्या इमिग्रेशन कायद्यावर. या तिसऱ्या कायद्याने आपल्या डॉक्टरांना, इंजिनिअरांना या देशाचं दार उघडलं. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेने आपल्या म्हाताऱ्यांची सोय लावायला घेतली, त्याच वर्षी तिने आपली तरुण माणसं आत घेतली. ती तरुण माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

ओल्डर अमेरिकन्स ॲक्टखाली वॉशिंग्टनमध्ये एक नवं खातं उघडलं आणि त्याचे पहिले आयुक्त म्हणून विल्यम बेचिल यांना नेमलं. हे गृहस्थ कॅलिफोर्नियातून आले होते. तिथल्या राज्य सरकारच्या वार्धक्यविषयक सल्लागार समितीचं काम ते पाहत होते. कॅलिफोर्नियाच का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

त्याचं उत्तर जुनं आहे. १९३३ साली लाँग बीचमध्ये फ्रान्सिस टाउनसेंड नावाच्या, काम सुटलेल्या ६६ वर्षांच्या डॉक्टरांनी तिथल्या वर्तमानपत्राला एक पत्र लिहिलं. साठीवरच्या प्रत्येकाला सरकारने महिन्याला २०० डॉलर द्यावेत, अट अशी की काम सोडायचं आणि ते पैसे महिनाभरात खर्च करायचे. हिशोब कच्चा होता, पण मंदीत होरपळलेल्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. देशभर टाउनसेंड क्लब निघाले. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यामागे रूझवेल्ट यांच्यावर जो दबाव होता, त्यात या क्लबांचा वाटा मोठा. प्रत्यक्षात जानेवारी १९४० मध्ये व्हरमाँटच्या आयडा मे फुलर यांना पहिला मासिक चेक मिळाला तो २२ डॉलर ५४ सेंटचा. दोनशे कुठे आणि साडेबावीस कुठे! पण म्हातारी माणसं एकत्र आली तर सरकार हलतं, हे कॅलिफोर्नियाने पाहिलं होतं.

लॉस एंजेलिसमध्ये एथेल पर्सी अँड्रस नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. एका निवृत्त शिक्षिकेची चौकशी करायला त्या गेल्या, तर ती बाई कोंबड्यांच्या खुराड्यात राहताना सापडली, अशी हकीकत सांगितली जाते. आयुष्यभर शिकवून मिळालेल्या पेन्शनमध्ये तिला तेवढंच परवडत होतं. अँड्रसबाईंनी १९४७ मध्ये निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना काढली. म्हाताऱ्या माणसांना आरोग्यविमा द्यायला विमा कंपन्या तयार नव्हत्या, तेव्हा बाईंनी एकामागून एक दारं ठोठावली आणि शेवटी लिओनार्ड डेव्हिस नावाचा न्यूयॉर्क राज्यातला विमा एजंट मिळाला. त्यातूनच १९५८ साली एएआरपी उभी राहिली. पन्नाशी ओलांडल्याबरोबर तुमच्या टपालपेटीत ज्यांचं पाकीट येऊन पडतं, तीच ही संस्था.

एएआरपी ही वृद्धांची संस्था. पण वृद्धांसाठी काम करणाऱ्यांचं काय? संशोधकांची एक राष्ट्रीय संस्था तेव्हा होती. १९४५ मध्ये स्थापन झालेली जेरोंटॉलॉजिकल सोसायटी. तिच्यात पुढे असलेली नावं पाहा: सेंट लुईसचे शरीररचनाशास्त्रज्ञ कौड्री, बॉल्टिमोरमध्ये म्हातारपणी शरीर कसं बदलतं हे मोजणारे नेथन शॉक. मोठी माणसं, पायाभूत काम. पण एखाद्या काउंटीत म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन विचारपूस करणाऱ्या समाजसेविकेला, किंवा वृद्धाश्रम चालवणाऱ्या व्यवस्थापकाला, पेशींवरचे निबंध ऐकून दुसऱ्या दिवशी कामावर काय करायचं ते कळणार नव्हतं. शिवाय राज्याराज्यांतलं हे काम नवं होतं, ते शिकवणारं कॉलेज नव्हतं.

म्हणून १९५४ मध्ये पश्चिमेकडच्या लोकांनी आपली वेगळी संस्था काढली: वेस्टर्न जेरोंटॉलॉजिकल सोसायटी. अभ्यास करणारे आणि प्रत्यक्ष काम करणारे एकाच टेबलावर, हे तिचं वैशिष्ट्य. योगायोग असा की त्याच वर्षी अँड्रसबाईंनी ओहाय गावात निवृत्त शिक्षकांसाठी ग्रे गेबल्स ही वास्तू सुरू केली.

कॅलिफोर्नियातल्या त्या पिढीचं एक ठळक नाव लुई कुप्लन. प्रयोगशाळेतला माणूस नव्हे, राज्य सरकारचा प्रशासक. १९६० साली वार्धक्यशास्त्राची जागतिक परिषद सॅन फ्रान्सिस्कोत भरली, तेव्हा तिच्या अध्यक्षपदी हेच कुप्लन होते. त्याआधीच्या परिषदांचे अध्यक्ष डॉक्टर नाही तर शास्त्रज्ञ असत. अशा व्यासपीठावर एका सरकारी कारभाऱ्याने बसावं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

वेस्टर्न सोसायटीच्या अध्यक्षांपैकी दुसरं नाव मात्र पक्क्या संशोधकाचं, मानसशास्त्रज्ञ जेम्स बिरेन यांचं. १९६५ मध्ये (पुन्हा तेच साल!) ते लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात वार्धक्याचं केंद्र उभारायला आले. पुढे त्या केंद्राला अँड्रसबाईंचं नाव मिळालं आणि १९७५ मध्ये तिथेच देशातलं पहिलं वार्धक्यशास्त्राचं महाविद्यालय निघालं, त्या विमा एजंट लिओनार्ड डेव्हिस यांच्या नावाने. बिरेन यांचा एक उद्योग तुम्हाला आवडेल. ते वृद्धांचे गट करून त्यांना आठवणी लिहायला लावत. एका वेळी एक विषय, दोन पानं, आणि मग ती गटात मोठ्याने वाचायची. पैसा, आरोग्य, आयुष्याची वळणं असे विषय. आत्मचरित्रांचं वेड असलेल्या आपल्या भाषेत हा उद्योग घरोघरी चालायला हवा होता.

एमबीएच्या वर्गात आम्हाला नेतृत्वाच्या आकृत्या शिकवल्या होत्या, त्यात वर एक चौकट आणि खाली फांद्या. या संस्थेचा इतिहास त्या आकृतीत बसत नाही. एकदा प्रशासक पुढे, एकदा प्राध्यापक पुढे. पद एका विद्याशाखेची जहागीर झालं नाही, आणि माझ्या मते तिची वाढ त्यामुळेच झाली. १९७६ मध्ये तिने 'जनरेशन्स' नावाचं नियतकालिक काढलं. एका अंकाला एक विषय, आणि तो शिक्षक, नर्स, अधिकारी सगळ्यांना वाचता येईल अशा भाषेत.

त्याच सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये काय घडत होतं ते सांगतो, कारण आपल्याशी जवळचं नातं त्याचंच आहे. तिथल्या चिनी, इटालियन, फिलिपिनो म्हाताऱ्यांसाठी नर्सिंग होम बांधावं असा विचार निघाला. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गल्लीतलं छोटं हॉस्पिटल. इथे त्याचा अर्थ म्हातारी माणसं कायमची दाखल होतात ती जागा. हा फरक न कळल्याने किती घरांत फोनवर गोंधळ झाला असेल!) डॉ. विल्यम गी हे दंतवैद्य आणि मारी-लुईझ अँसाक या स्विस वंशाच्या समाजसेविका यात पुढे होत्या. अभ्यासाअंती दिसलं की नर्सिंग होमचा खर्च पेलणार नाही आणि ही माणसं आपलं घर, आपली गल्ली, आपलं जेवण सोडून तिथे रमणारही नाहीत. मग १९७३ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या दिवसाच्या रुग्णालयांच्या धर्तीवर केंद्र काढलं: सकाळी गाडीने आणायचं, डॉक्टर, व्यायाम, जेवण, गप्पा, आणि संध्याकाळी घरी. नाव 'ऑन लोक'. कँटनीज भाषेत सुखाशांतीचं घर. याच नमुन्यावर उभा राहिलेला 'पेस' कार्यक्रम १९९७ मध्ये मेडिकेअरचा कायमचा भाग झाला. एका स्थलांतरित मोहल्ल्याची गरज देशाची योजना झाली ती अशी.

१९८५ मध्ये वेस्टर्न सोसायटीने नाव बदललं आणि ती अमेरिकन सोसायटी ऑन एजिंग झाली. प्रादेशिक संस्था राष्ट्रीय झाली. मला यात थोडी हळहळही वाटते. मोठं झालं की कार्यालयाची नजर वॉशिंग्टनकडे वळते, आणि ॲरिझोनातल्या एखाद्या गावातल्या कार्यकर्तीला परिषदेचं विमानभाडं परवडत नाही. दक्षिणेने वेगळा रस्ता धरला. १९७९ मध्ये निघालेली सदर्न जेरोंटॉलॉजिकल सोसायटी प्रादेशिकच राहिली आणि १९८२ पासून 'जर्नल ऑफ अप्लाइड जेरोंटॉलॉजी' हे संशोधनपत्र चालवते, ज्याचा सगळा भर संशोधन वापरात आणण्यावर. दोन्ही रस्ते चालले. मंडळांची मंडळं करून महामंडळ करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे दोन नमुने शेजारी ठेवून पाहावेत.

राष्ट्रीय झालेल्या संस्थेच्या अध्यक्षपदी १९९० च्या सुमारास फर्नांडो टोरेस-गिल होते. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातल्या मेक्सिकन वंशाच्या शेतमजूर कुटुंबातला मुलगा, तान्हेपणी पोलिओ झालेला. म्हातारपण आणि अपंगत्व या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र पाहिल्या, आणि उद्याची म्हातारी अमेरिका अनेक रंगांची, अनेक भाषांची असणार, हे ते सांगत राहिले. १९९३ मध्ये क्लिंटन सरकारने त्यांना वार्धक्यविषयक साहाय्यक सचिव केलं. या पदावरची ती पहिलीच नेमणूक. प्रशासकापासून सुरू झालेली रांग प्राध्यापकामार्गे स्थलांतरितांच्या मुलापर्यंत आली.

आता आपल्याकडे येऊ. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं, तेव्हा त्यातली बहुतेक माणसं चाळिशीच्या आसपासची होती. मंडळं निघाली ती गणपती, दिवाळी, नाटक आणि मुलांच्या मराठीसाठी. आता बृहन्महाराष्ट्र मंडळाचा 'उत्तररंग' हा ज्येष्ठांचा उपक्रम आहे, अधिवेशनात त्याचे कार्यक्रम होतात. फ्लोरिडातल्या टावारेस गावात 'शांतिनिकेतन' ही भारतीय निवृत्तांची वसाहतही उभी राहिली आहे. हे चांगलंच आहे. पण हे सगळं आपण आपल्यात केलेलं. जिथे नियम ठरतात, पैसे वाटले जातात, जेवणाच्या डब्यात काय असावं ते ठरतं, त्या खोलीत आपण किती जण बसतो?

हा प्रश्न नुसता मानाचा नाही. तुम्ही आईला ग्रीनकार्डवर बोलावलंत, तर वय ६५ असूनही मेडिकेअर विकत घेण्याआधी तिला इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. आणि स्वतःची किंवा जोडीदाराची दहा वर्षांची नोकरी इथे नसेल, तर हॉस्पिटलच्या भागाचाही हप्ता भरावा लागतो. १९९६ च्या कायद्याने नव्या स्थलांतरितांना बऱ्याच संघराज्य मदतीतून पहिली पाच वर्षं बाहेर ठेवलं. हे नियम करताना वयस्कर आई-बाबांना मागाहून बोलावणारी कुटुंबं कोणाच्या डोळ्यांसमोर होती, असा प्रश्न मला पडतो. शाकाहारी जेवण, भाषा, एकटीने बस पकडता न येणारी आजी, मुलगा-सून दोघंही कामावर. हे आपल्या घरातलं रोजचं चित्र कोणी तरी तिथे मांडायला हवं.

दार मात्र उघडं आहे. १९७३ च्या दुरुस्तीने देशभर स्थानिक वार्धक्य कार्यालयं आली. इंग्रजीत त्यांना एरिया एजन्सी ऑन एजिंग म्हणतात, आज ती सहाशेच्या वर आहेत. एकत्र जेवण, घरपोच डबा, सांभाळणाऱ्या मुला-सुनांना विसावा, हे तिथून चालतं. वयाची अट ६०, आणि उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. आणि त्या प्रत्येक कार्यालयाला एक सल्लागार मंडळ असतं, ज्यात निम्म्याहून अधिक सभासद साठीवरचे असावेत असा नियम आहे. तिथे बसायला वार्धक्यशास्त्राची पदवी लागत नाही. बँकेतून निवृत्त झालेले काका चालतात, शिक्षिका असलेल्या काकू चालतात. तुमच्या मंडळातले माजी अध्यक्ष तर नक्कीच चालतील, त्यांना सभा चालवायची सवय असते.

आपल्या भागातलं कार्यालय शोधायला सरकारचा एल्डरकेअर लोकेटर हा फोन आहे: १-८००-६७७-१११६. सोमवार ते शुक्रवार. दुभाषी मागता येतो. सल्लागार मंडळाची पुढची बैठक कधी आहे, हेही विचारा. या बैठका साधारणपणे सगळ्यांना खुल्या असतात.