कचऱ्याचा धनी कोण?

सोड्याची किंवा दुधाची काचेची बाटली पूर्वी गिऱ्हाइकाच्या मालकीची होत नसे. अनामत ठेवावी, आतला जिन्नस संपवावा, बाटली परत करून अनामत सोडवावी, असा रिवाज होता. रिकाम्या बाटलीचा धनी उत्पादकच असे. हा व्यवहार कसा मोडला आणि कायद्याने तो पुन्हा सांधण्याचे प्रयत्न कसे झाले, हे पाहण्याजोगे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एकदा वापरून फेकायचे डबे व बाटल्या रूढ झाल्या. बाटल्या गोळा करण्याचा व धुण्याचा उत्पादकांचा खर्च वाचला. तो नगरपालिकांच्या माथी आला. व्हरमाँट राज्याने १९५३ साली पुन्हा न भरता येणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकण्यास बंदी केली. त्याच वर्षी डबे व बाटल्या बनविणाऱ्या उद्योगांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था स्थापन झाली. दोष कचरा टाकणाऱ्या नागरिकाचा, असा तिच्या प्रचाराचा रोख राहिला. व्हरमाँटची बंदी १९५७ साली संपुष्टात आली. पुढे १९७१ साली ओरेगॉनने मात्र सक्तीच्या अनामतीचा कायदा केला.

या विचाराला सिद्धान्ताचे रूप युरोपात मिळाले. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० साली ‘विस्तारित उत्पादक दायित्व’ ही कल्पना मांडली. विल्हेवाटीचा खर्च उत्पादकावर पडला, तर तो वस्तूची घडणच सुधारील, हे तिचे मर्म. पर्यावरणमंत्री क्लाउस टोप्फर यांच्या कारकिर्दीत जर्मनीने १९९१ साली वेष्टने परत घेण्याचे बंधन उत्पादक व विक्रेत्यांवर घातले.

भारतात हे तत्त्व २०११ च्या ई-कचरा नियमांत व २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत आले. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उद्दिष्टे ठरवून दिली. ती पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊनही पुरी करता येतात. परंतु २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र व कर्नाटकातील सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली.

येथेच जुन्या रिवाजाचे मोल कळते. कागदावरचा कचरा खोटा लिहिता येतो. हाती आलेल्या रिकाम्या बाटलीला दुसरा पुरावा लागत नाही. गोव्याने २०२४ साली अनामत-परतीची योजना अधिसूचित केली, ती याच वाटेने जाणारी आहे. दायित्व खरे मानायचे, तर वस्तू तिच्या धन्याच्या दारी परत गेली पाहिजे.