हॅचबॅक मोटारींची ब्रेकक्षमता

हॅचबॅक मोटारींची ब्रेकक्षमता म्हणजे मागील बाजूस वर उघडणारे दार असलेल्या लहान मोटारीस इच्छित अंतरात, सरळ रेषेत आणि वारंवार थांबविण्याची तिच्या ब्रेक यंत्रणेची क्षमता होय. अधिक शक्तीचे इंजिन बसविलेल्या वेगवान हॅचबॅक मोटारींच्या बाबतीत हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण अशा मोटारीचा सांगाडा बहुधा साध्या कौटुंबिक मोटारीचाच असतो. ब्रेक कमी पडू लागल्यास मोठ्या चकत्या बसविण्याकडे अनेकांचा कल असतो. प्रत्यक्षात बहुसंख्य वेळा दोष रचनेत नसून देखभालीत असतो, आणि थांबण्याच्या अंतराची अंतिम मर्यादा ब्रेक नव्हे, तर टायरची रस्त्यावरील पकड ठरविते.

पार्श्वभूमी

वेगवान हॅचबॅक हा प्रकार १९७६ साली विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय या मोटारीमुळे लोकप्रिय झाला. या मोटारीच्या पहिल्या पिढीची उजव्या बाजूस चालकचक्र असलेली आवृत्ती कमकुवत ब्रेकसाठी ओळखली जाते. तिचे पेडल उजवीकडे आले, तरी मास्टर सिलिंडर आणि बूस्टर डावीकडेच राहिले. पायाचा जोर एका आडव्या दांड्यामार्फत पलीकडे पोहोचे. त्या दांड्याच्या लवचीकपणात आणि सांध्यांच्या ढिलाईत जोराचा काही भाग वाया जाई व पेडल मऊ लागे. चाकाजवळील भाग उत्तम असूनही मधल्या दुव्यामुळे यंत्रणा कशी दुबळी होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

भारतात फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (२०१३), अबार्थ पुंटो (२०१५), मारुती सुझुकी बलेनो आरएस (२०१७) आणि ह्युंदाई आय२० एन लाइन (२०२१) या मोटारी या वर्गात गणल्या गेल्या. यांपैकी पोलोचे उत्पादन पुणे जिल्ह्यातील चाकण येथे, तर पुंटोचे रांजणगाव येथे होत असे. पोलो जीटी टीएसआयच्या मागील चाकांना ड्रम ब्रेक होते. उर्वरित तिन्ही मोटारींना चारही चाकांवर डिस्क ब्रेक देण्यात आले. मोटारींच्या ब्रेकसह अन्य सुरक्षा चाचण्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे.

रचना

पेडलवरील पायाचा जोर तरफेमुळे वाढतो. त्यात निर्वातावर चालणारा बूस्टर आणखी भर घालतो. हा वाढीव जोर मास्टर सिलिंडरमधील द्रवावर दाब निर्माण करतो. या द्रवास बोलीत ब्रेक ऑइल म्हणतात. दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर हा भाग चकतीच्या दोन्ही बाजूंनी पॅड दाबतो. ड्रम ब्रेकमध्ये दोन शू आतून ड्रमवर दाबले जातात. नळ्यांचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्यामुळे एक फुटला तरी दुसऱ्यावर काही प्रमाणात ब्रेक लागतो.

ब्रेक लावताच मोटारीचा भार पुढे झुकतो. हॅचबॅकमध्ये इंजिनही पुढेच असल्याने ब्रेकचे बहुतांश काम पुढील चाके करतात. म्हणून मागील ड्रम बदलून चकत्या बसविल्याने मिळणारा लाभ अपेक्षेपेक्षा कमी असतो.

एबीएस ही यंत्रणा चाक जाम होण्याच्या बेतात असताना त्या चाकाचा दाब क्षणोक्षणी कमी-अधिक करते, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही मोटार वळविता येते. भारतात ती नव्या प्रतिकृतींना एप्रिल २०१८ पासून आणि सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून अनिवार्य आहे.

वेग, ऊर्जा आणि अंतर

ब्रेक मोटारीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिची ऊर्जा सुमारे १३९ किलोज्यूल असते. ताशी १२० किलोमीटरला ती चौपट, म्हणजे सुमारे ५५६ किलोज्यूल होते.

कोरड्या डांबरी रस्त्यावर सुस्थितीतील मोटारीचे मंदन दर सेकंदास सुमारे ८ मीटर प्रतिसेकंद धरले आणि चालकाला पेडल दाबेपर्यंत एक सेकंद लागतो असे मानले, तर एकूण अंतर पुढीलप्रमाणे येते.

- ताशी ६० किलोमीटर : १७ मीटर प्रतिक्रियेत व १७ मीटर ब्रेकवर, एकूण सुमारे ३४ मीटर.
- ताशी १०० किलोमीटर : २८ मीटर प्रतिक्रियेत व ४८ मीटर ब्रेकवर, एकूण सुमारे ७६ मीटर.
- ताशी १२० किलोमीटर : ३३ मीटर प्रतिक्रियेत व ७० मीटर ब्रेकवर, एकूण सुमारे १०३ मीटर.

वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर तिप्पट होते, हे यावरून दिसते. ओल्या किंवा मातीने माखलेल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते.

महामार्ग आणि घाट

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ ब्रेकच्या दोन भिन्न कसोट्या दाखवितो. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे येणारा हा रस्ता तालुक्यातील तेरखेडा व पारगाव या गावांवरून बीडकडे जातो. चौपदरी रस्त्यावर मोटारींचा वेग अधिक असतो. ऊस गाळपाच्या हंगामात अशाच रस्त्यांवर ट्रॅक्टरला जोडलेल्या, उसाने लादलेल्या ट्रॉल्या संथ गतीने चालतात, आणि त्यांना मागील दिवा असेलच असे नाही. येथे मोठ्या वेगातून एकदाच पूर्ण ब्रेक लावण्याची वेळ येते. ही पहिली कसोटी प्रामुख्याने टायरची असते.

दुसरी कसोटी घाटाची. हा परिसर बालाघाटच्या डोंगररांगेत येतो. सोलापूरच्या बाजूस तुळजापूरचा आणि बीडच्या बाजूस मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. उतारावर गतिज ऊर्जेखेरीज उंचीची ऊर्जाही ब्रेकला शोषावी लागते. १,००० किलोग्रॅमची मोटार केवळ ब्रेकच्या आधारे २०० मीटर उंची उतरली, तर सुमारे १,९६० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ताशी १०० किलोमीटर वेगावरून मोटार पाच वेळा थांबविण्याइतकी ही ऊर्जा आहे, आणि मधल्या काळात चकत्यांना थंड होण्यास अवसर मिळत नाही. अति उष्णतेने पॅडचे घर्षण घटते. पेडल कडक राहूनही मोटार थांबत नाही. द्रवास उकळी फुटल्यास वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल तळाशी जाते.

ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम यासाठीच आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच मोटारीस रोखते. इंधन वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतार उतरणे धोकादायक असते. इंजिन बंद असता बूस्टरमधील निर्वात दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपतो व त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते.

कमकुवतपणाची लक्षणे व कारणे

- पेडल अतिशय कडक लागणे : बूस्टर, त्याची निर्वात नळी किंवा निर्वात पंप यांतील बिघाड. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबावे व पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर कार्यरत आहे असे समजतात.
- पेडल मऊ लागणे : नळ्यांत शिरलेली हवा, जुना द्रव किंवा दाबाने फुगणाऱ्या जीर्ण रबरी नळ्या.
- दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाणे : मास्टर सिलिंडरचे झिजलेले रबर किंवा गळती. अशी मोटार चालवू नये.
- पेडलचा प्रवास लांबणे : मागील शू झिजणे अथवा त्यांची जुळणी बिघडणे.
- मोटार एका बाजूस ओढली जाणे : अडकलेला कॅलिपर, तेल लागलेला पॅड किंवा टायरमधील असमान हवा.
- पेडल थरथरणे : चकतीच्या जाडीत आलेला असमानपणा. एबीएस कार्यान्वित झाल्यावर जाणवणारी थरथर मात्र स्वाभाविक असते.

निर्वात पंपाचे महत्त्व एप्रिल २०२३ मधील घटनेने अधोरेखित झाले. मारुती सुझुकीने २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात तयार झालेल्या ७,२१३ बलेनो आरएस मोटारी या पंपातील संभाव्य दोषामुळे तपासणीसाठी परत बोलाविल्या. अशा दोषात पेडल दाबण्यास अधिक जोर लागू शकतो. चारही चाकांवर चकत्या असलेल्या मोटारीतही बूस्टरचा लहानसा साहाय्यक भाग निर्णायक ठरतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

सुधारणेचा क्रम

प्रथम मूळ क्षमता परत मिळविणे आणि त्यानंतरच ती वाढविणे, हा योग्य क्रम होय.

द्रव : ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ द्रवाचा किमान उत्कलनबिंदू नवा असता २०५ अंश सेल्सिअस व ओलावा शोषल्यावर १४० अंश असतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५, तर डॉट ५.१ साठी २६० व १८० आहेत. अनेक उत्पादक दर दोन वर्षांनी द्रव बदलण्याची शिफारस करतात. सिलिकोनयुक्त डॉट ५ हा वेगळा प्रकार असून तो इतर द्रवांत मिसळत नाहीत. नवा द्रव भरताना नळ्यांतील हवा काढणे आवश्यक असते.

पॅड, चकत्या व सरकते भाग : पॅड किमान जाडीपर्यंत झिजण्यापूर्वी बदलतात. कॅलिपरच्या सरकत्या पिना धूळ व चिखलाने अडकतात. त्या स्वच्छ करून त्यांना योग्य वंगण लावल्यास अनेकदा ब्रेक पूर्ववत होतो. नव्या पॅडसह मध्यम वेगावरून काही वेळा सौम्यपणे ब्रेक लावून व मध्ये थंड होऊ देऊन पॅड बसवून घ्यावे लागतात.

टायर : कोरड्या रस्त्यावर पूर्ण जोर लावता एबीएस कार्यान्वित होत असेल, तर ब्रेकमध्ये चाक जाम करण्याइतका जोर आहे असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी मोठ्या चकत्यांनी अंतर घटत नाही. चांगल्या टायरने घटते. टायरच्या खाचांतील झीजदर्शक उंचवटे १.६ मिलिमीटरवर असतात. झीज तेथवर येण्यापूर्वीच ओल्या रस्त्यावरील पकड पुष्कळ कमी झालेली असते.

अधिक क्षमतेचे भाग : वरील सर्व ठीक असूनही घाटात ब्रेक तापून क्षीण होत असतील, तर उच्च तापमान सहन करणारे पॅड उपयोगी पडतात. शर्यतीचे पॅड मात्र थंड असताना नीट पकड घेत नाहीत, म्हणून ते गावातील वापरास अयोग्य ठरतात. मोठ्या चकत्या उष्णता अधिक साठवितात व वारंवार वापरात टिकतात, हा त्यांचा खरा लाभ आहे. त्यांच्यामुळे पुढील व मागील चाकांमधील ब्रेकचा तोल बिघडणार नाही, याची खात्री करावी लागते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाने दिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या फेरफारासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झिजलेल्या भागाऐवजी उत्पादकाच्या प्रमाणानुसार नवा भाग बसविणे ही दुरुस्ती होय. ब्रेकची मूळ रचना बदलण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडे विचारणा करणे इष्ट ठरते.

हे सुद्धा पहा

- डिस्क ब्रेक
- एबीएस
- गतिज ऊर्जा
- राष्ट्रीय महामार्ग ५२
- वाशी तालुका