बिल, अ‍ॅक्ट, रूल की जीआर? ‘कायदा झाला’ म्हणण्याआधी या शब्दांमधला फरक समजून घ्या

‘सरकारने नवा कायदा केला, उद्यापासून लागू!’ असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर कधीतरी आला असेल. सोबतची पीडीएफ उघडली, तर ते कधी संसदेत नुकतंच मांडलेलं बिल असतं, कधी मंत्रालयातून निघालेला जीआर, तर कधी एखाद्या खात्याचं साधं परिपत्रक. आपण मात्र सगळ्यालाच ‘कायदा’ म्हणून मोकळे होतो.

हा प्रश्न फक्त भाषेचा नाही. समोरचा कागद नेमका कोणता आहे, यावर तो तुमच्यावर बंधनकारक आहे की नाही, तो कोण बदलू शकतं आणि त्याला आव्हान कुठे द्यायचं, हे ठरतं.

बिल आणि अ‍ॅक्ट

बिल म्हणजे विधेयक. हा कायद्याचा प्रस्ताव असतो. लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांनी तो मंजूर केला आणि राष्ट्रपतींनी संमती दिली, की त्याचा अ‍ॅक्ट म्हणजे अधिनियम होतो. राज्याच्या बाबतीत विधिमंडळाच्या मंजुरीनंतर विधेयक राज्यपालांकडे जातं. त्यामुळे ‘विधेयक मांडलं’ आणि ‘कायदा झाला’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

आणखी एक गोष्ट. अ‍ॅक्ट झाला म्हणजे तो त्याच दिवशी लागू झाला, असंही नाही. भारतीय न्याय संहितेला राष्ट्रपतींची संमती मिळाली 25 डिसेंबर 2023 रोजी, पण ती लागू झाली 1 जुलै 2024 पासून. लागू होण्याची तारीख सरकार बहुतेक वेळा नोटिफिकेशन, म्हणजे अधिसूचना काढून राजपत्रात जाहीर करतं.

न्याय संहितेच्या नावात ‘अधिनियम’ हा शब्द नसला, तरी तोही अ‍ॅक्टच आहे. एखाद्या विषयावरच्या तरतुदी एकत्र बांधलेल्या असल्या, की त्याला कोड म्हणजे संहिता म्हणतात. निवडणुकीच्या काळातली आदर्श आचारसंहिता मात्र यात बसत नाही. ती संसदेने मंजूर केलेली नाही, तर निवडणूक आयोग ती लागू करतो.

ऑर्डिनन्स: तात्पुरता, पण ताकद तितकीच

ऑर्डिनन्स म्हणजे अध्यादेश. संसदेचं अधिवेशन सुरू नसताना तातडीची गरज असेल, तर राज्यघटनेच्या कलम 123 नुसार राष्ट्रपती अध्यादेश काढू शकतात. राज्यपालांना हा अधिकार कलम 213 ने दिला आहे. अध्यादेशाची ताकद अ‍ॅक्टइतकीच असते, आयुष्य मात्र कमी. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहांनी त्याच्या जागी कायदा मंजूर केला नाही, तर तो आपोआप संपतो.

वादग्रस्त ठरलेले तीन शेती कायदे जून 2020 मध्ये आधी अध्यादेश म्हणूनच आले होते. सप्टेंबर 2020 मध्ये त्यांचे अ‍ॅक्ट झाले.

रूल आणि रेग्युलेशन: मराठीत दोन्ही ‘नियम’?

बोलताना आपण दोन्हींना ‘नियम’ म्हणतो. कायद्याच्या भाषेत मात्र रूल म्हणजे नियम आणि रेग्युलेशन म्हणजे विनियम. मुख्य फरक ते कोण करतं याचा आहे.

अ‍ॅक्ट चौकट आखून देतो. अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, तो कोणाकडे द्यायचा, कागदपत्रं कोणती लागतील, असे बारकावे सरकार रूल करून ठरवतं. रेग्युलेशन सहसा त्या कायद्याने स्थापन झालेली संस्था करते. सेबीचंच उदाहरण घ्या. 1992 च्या सेबी कायद्यातलं कलम 29 केंद्र सरकारला रूल करण्याचा अधिकार देतं, तर कलम 30 सेबीला रेग्युलेशन करण्याचा. विद्यापीठांसाठी यूजीसी जे ठरवते, तेही रेग्युलेशनच.

रूल नसतील, तर कायदा कागदावरच अडकू शकतो. नागरिकत्व दुरुस्ती कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला, पण त्याचे नियम अधिसूचित झाले 11 मार्च 2024 रोजी. अर्ज कसा करायचा हेच ठरलेलं नसल्याने मधली चार वर्षं या कायद्याखाली कोणाला नागरिकत्व मिळू शकलं नाही.

रूल आणि रेग्युलेशन या दोन्हींना एक मर्यादा आहे. ज्या अ‍ॅक्टमधून ते जन्मले, त्याच्या पुढे त्यांना जाता येत नाही. सोशल मीडिया वापरणाऱ्यांशी थेट संबंध असलेली एक घटना इथे आठवते. केंद्र सरकारने 2023 मध्ये आयटी नियमांत दुरुस्ती केली आणि सरकारी कामकाजाविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे का, हे ठरवणाऱ्या फॅक्ट चेक युनिटची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये ती रद्द केली. ही तरतूद मूलभूत हक्कांचा भंग करते, तसंच ती मूळ आयटी कायद्याच्या कक्षेबाहेर जाते, असं न्यायालयाने म्हटलं.

बाय-लॉ: तुमच्या सोसायटीपर्यंत पोहोचलेला शब्द

बाय-लॉ म्हणजे उपविधी. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीत ही उतरंड स्पष्ट दिसते. सगळ्यात वर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960. त्याखाली 1961 चे नियम. आणि त्याखाली सोसायटीचे स्वतःचे उपविधी.

सोसायटीचे उपविधी हा सभासदांमधला एक प्रकारचा करार असतो. ते सभासदांना पाळावे लागतात, पण त्यांना विधिमंडळाच्या कायद्याचा दर्जा नाही. ‘जनरल बॉडीत ठराव झाला, आता पैसे भरावेच लागतील’ हे वाक्य म्हणूनच प्रत्येक वेळी खरं नसतं. फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी जे बिगर-भोगवटा शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. राज्य सरकारने सहकार कायद्यातलं कलम 79 अ वापरून 2001 मध्ये ही मर्यादा घातली. सोसायटीने बहुमताने ठराव केला, तरी ती ओलांडता येत नाही.

जीआर आणि सर्क्युलर

जीआर म्हणजे शासन निर्णय. तो विधिमंडळात मंजूर होत नाही, मंत्रालयातला विभाग काढतो. योजना, निधी, बदल्या, शाळांचं वेळापत्रक अशा असंख्य गोष्टी जीआरवर चालतात. पण जीआरने अ‍ॅक्ट किंवा रूल बदलता येत नाही. सर्क्युलर म्हणजे परिपत्रक त्याच्याही खाली येतं. असलेल्या नियमांची अंमलबजावणी कशी करायची, याच्या सूचना त्यात असतात.

हा फरक सर्वात ठळकपणे दिसतो तो निर्णय मागे घेताना. पहिलीपासून हिंदी शिकवण्याविषयीचे एप्रिल आणि जून 2025 चे दोन्ही जीआर राज्य सरकारने 29 जून 2025 रोजी रद्द करत असल्याचं जाहीर केलं. त्यासाठी विधिमंडळात मतदान घ्यावं लागलं नाही. शेती कायद्यांचं तसं नव्हतं. ते मागे घेत असल्याची घोषणा पंतप्रधानांनी 19 नोव्हेंबर 2021 रोजी केली, पण तेवढ्याने ते रद्द झाले नाहीत. 29 नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी ते रद्द करणारं विधेयक मंजूर केलं आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ते संपले. अ‍ॅक्ट रद्द करायलाही अ‍ॅक्टच लागतो.

मग ‘लॉ’ म्हणजे काय?

लॉ हा या सगळ्यांत मोठा शब्द. प्रत्येक अ‍ॅक्ट हा लॉ असतो, पण प्रत्येक लॉ हा अ‍ॅक्ट नसतो. राज्यघटनेच्या कलम 13 मध्ये ‘लॉ’ची व्याख्या देताना अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना, इतकंच काय, कायद्याचं बळ असलेली रूढीसुद्धा त्यात धरली आहे. 

याचा फायदा नागरिकांना होतो. सरकारने कागदाला कोणतंही नाव दिलं, तरी त्याने मूलभूत हक्कांवर गदा येत असेल, तर न्यायालयात दाद मागता येते. यातून संसदेचा अ‍ॅक्टही सुटत नाही. सोशल मीडियावरच्या पोस्टसाठी अटकेचं हत्यार ठरलेलं आयटी कायद्यातलं कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी याच कसोटीवर रद्द केलं.

फॉरवर्ड करण्याआधी काय तपासाल?

• कागदावर काय लिहिलंय ते पाहा: विधेयक, अधिनियम, नियम, शासन निर्णय की परिपत्रक?

• तो कोणी काढलाय? संसद, विधिमंडळ, मंत्रालयातला विभाग की एखादी संस्था?

• कोणत्या कायद्यातल्या कोणत्या कलमाखाली? नियम आणि अधिसूचनेत हा उल्लेख सहसा सुरुवातीलाच असतो.

• लागू होण्याची तारीख दिली आहे का?

• जीआर असेल, तर शेवटी दिलेला संकेतांक शोधा. तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ जीआर सापडतो. सापडला नाही, तर तो मेसेज पुढे न पाठवलेलाच बरा.