नाव आणि हाक

पहिलीच्या प्रवेशाला आलेल्या मुलाला नाव विचारले, की तो ‘पप्पू’ म्हणतो. दाखल्यावरचे नाव त्याने कधी ऐकलेलेच नसते. वडील हसून सांगतात, “सर, त्या नावाने घरात कोणी हाकच मारत नाही.” अशा वेळी मला अकबर बादशहा आठवतो.

अकबराची आधीची मुले जगली नव्हती. सिक्रीचे सूफी शेख सलीम चिश्ती यांच्या दुआवर त्याची श्रद्धा होती. ऑगस्ट १५६९ मध्ये सिक्रीतच पुत्र जन्मला. शेखसाहेबांवरून त्याचे नाव सलीम ठेवले. नवस फेडण्यासाठी १५७० साली बादशहा आग्र्याहून अजमेरला पायी गेला. हाच सलीम पुढे जहांगीर झाला. तो आत्मचरित्रात लिहितो, की वडिलांनी त्याला कधी ‘सलीम’ म्हटले नाही; ते ‘शेखूबाबा’ अशीच हाक मारीत.

आपल्या महाराष्ट्रातही मालोजीराजे भोसले यांनी अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) शाह शरीफ यांच्यावरून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले. शहाजीराजे शिवाजी महाराजांचे पिता झाले.

पालकहो, लाडाचे नाव जरूर ठेवा. बादशहानेही ठेवले होते. पण शेखूबाबाला आपले खरे नाव कोणावरून आले, हे ठाऊक होते. अकीक्याच्या दिवशी ठेवलेले नाव तिथेच विसरू नका. मूल बोलू लागले, की त्याला मांडीवर घेऊन ते नाव, त्याचा अर्थ आणि ते कोणाच्या आठवणीने ठेवले, हे सांगा. शाळेची पहिली हजेरी मग त्याला परकी वाटणार नाही.