घर सुटले, प्रकृती ढासळली

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. बार्शीटाकळीचा इतिहास म्हटला की कालंका देवीचे प्राचीन मंदिर प्रथम डोळ्यांपुढे येते. परंतु त्याविषयी आपण सर्वजणी पुष्कळ ऐकून आहोत. मला आज लिहावयाचे आहे ते माणसांना सोडाव्या लागलेल्या घरांविषयी, आणि घर सुटल्यावर त्यांच्या प्रकृतीचे काय होते त्याविषयी.

माझ्या आजोळचे गाव धरणाच्या पाण्यात गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. नव्या गावठाणात आजोबांना जागा मिळाली, थोडे पैसेही मिळाले. घर नवे, वर टिनाचे छप्पर. विहिरीचे पाणी मात्र मचूळ. त्यात डाळ शिजत नसे. आजी धट्टीकट्टी, पहाटे जात्यावर बसणारी बाई. नव्या घरी तिची झोप उडाली, जेवण तुटले. "मले इथली भाकर गोड लागत नाही व माय," एवढेच ती माझ्या आईला म्हणे. डॉक्टरांनी तपासले, दुखणे सापडले नाही. दोन वर्षांत ती गेली. वय झाले होते, असे सर्वांनी म्हटले आणि मीही तसेच मानले. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले, की असे झालेली ती एकटी नव्हती.

1896 साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर 1898 साली शहराच्या सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडाव्यात, रुंद रस्ते काढावेत, हवा-उजेड आत आणावा, हा हेतू. हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु घरे ज्या वेगाने पाडली गेली, त्या वेगाने गरिबांना परवडतील अशी घरे उभी राहिली नाहीत. ज्यांचे पोट हातावर, ती माणसे कामापासून दूर कशी जाणार? ती शेजारच्या चाळींत शिरली आणि एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे झाली. जी दाटी रोगाचे मूळ म्हणून पाडावयाची, तीच पुढच्या गल्लीत जाऊन बसली.

इंग्लंडातील स्टॉकटन-ऑन-टीज या गावची हकीकत याहून विचार करावयास लावणारी आहे. 1927 च्या सुमारास तेथील एका गलिच्छ वस्तीतील सुमारे सातशे माणसांना नव्या, स्वच्छ घरांत नेले. पुढील काही वर्षांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले. जुन्या वस्तीत मागे राहिलेल्यांचे मात्र तसे वाढले नाही. तेथील आरोग्याधिकारी डॉ. मॅगॉनिगल यांनी घरोघरचा खर्च तपासला. घरे निर्दोष होती. पण भाडे वाढले होते, आणि ते भाडे ताटातून निघत होते. दूध, मांस, भाजी कमी झाली होती. घरखर्च चालविणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हे सांगावयास नको. भाडे चुकविता येत नाही, दूध मात्र पातळ करता येते.

मनाचे दुखणेही असेच. अमेरिकेतील बोस्टन शहराचा वेस्ट एंड हा जुना भाग 1958 पासून पाडण्यात आला. मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने तेथून उठलेल्या कुटुंबांशी बोलून 1963 साली आपले निष्कर्ष मांडले. घरचे माणूस गेल्यावर जसा शोक होतो तसाच शोक, आणि तोही दीर्घकाळ टिकलेला, त्याला पुष्कळ स्त्रियांत आढळला. हे वाचले त्या दिवशी मला आजीची भाकर आठवली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 1974 साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे 2001 च्या सुमारास कोहा, कुंड, बोरी ही गावे, आणि नंतरच्या वर्षांत धारगड, गुल्लरघाट, केलपाणी अशी आणखी काही गावे जंगलातून उठून अकोट-तेल्हारा भागात सपाटीवर आली. 2008 पासूनच्या योजनेत कुटुंबाला दहा लाख रुपये ठरले होते. पैसा आला तसा काहींचा गेलाही.  काही गावांतील लोक नंतर परत डोंगरात गेले, आणि जानेवारी 2019 मध्ये केलपाणीजवळ त्यांची व सरकारी माणसांची चकमक होऊन दोन्हीकडचे लोक जखमी झाले. पुनर्वसनानंतर आमच्यात मरणे फार झाली. पाणी, शेती, दवाखाना ही आश्वासने पुरी झाली नाहीत, असे त्यांचे म्हणणे वर्तमानपत्रांतून आले होते.

डोंगरात सारे आरोग्य नांदत होते असे मी म्हणत नाही. मेळघाटातील बालमृत्यूंची बातमी 1993 साली साऱ्या राज्याने ऐकली आहे. रस्ता आणि शाळा जवळ आल्याचा लाभही काहींना झाला असेल. परंतु डोंगरातल्या कोरकू बाईच्या ताटातली कुटकी, मोह, रानभाज्या ही विकत घ्यावी लागत नसत. सपाटीवर सगळेच विकत. उन्हाळा अधिक कडक, दाई वेगळी, दवाखान्यातील भाषा वेगळी, आणि बाळंतपणात रात्री हाक मारावी ती शेजारीण चार गल्ल्या पलीकडे. क्षयाची औषधे अर्ध्यावर राहतात, मुलाच्या लसीचा कागद सामानात हरवतो, रक्तदाबाची गोळी कोठून आणावी हे कळत नाही. दुखणे एकदम येत नाही. ते अशा लहान लहान वाटांनी येते.

आता जे लिहिते ते लिहिताना संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरामागची दहा-बारा घरे अतिक्रमण म्हणून एका सकाळी काढण्यात आली. मंडळाच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा "जागा त्यांची नव्हतीच," असे एक वाक्य बोलले गेले आणि विषय संपला. ते वाक्य माझे होते. त्यांतील एक बाई आमच्याकडे पापड लाटावयास येत असे. तिला रक्तदाब होता. घर गेल्यावर ती नातलगांकडे पडवीत राहिली, गोळ्या सुटल्या, आणि पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. जागा कोणाची, याचा निकाल तिच्या शरीराने विचारला नाही.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. झोपड्या हटविण्यास न्यायालयाने मनाई केली नाही; पण पावसाळा सरून 31 ऑक्टोबर येईपर्यंत त्या हटवू नयेत असे सांगितले. न्यायमूर्तींना जो पावसाळा दिसला, तो आम्हा शेजारणींना दिसला नाही.

म्हणून भगिनींनो, एक विनंती करते. यापुढे आपल्या पंचक्रोशीत कोणाचे घर कोणत्याही कारणाने गेले, तर जागा कोणाची हा वाद ज्यांचा त्यांना करू द्यावा. आपण आठ दिवसांच्या आत दोघी-तिघींनी तेथे जावे आणि चार गोष्टी विचाराव्यात. पाणी कोठून आणता? चूल पेटते का? कोणाची औषधे सुटली आहेत का? घरात गरोदर किंवा बाळंतीण आहे का? उत्तरे आशाताईंच्या कानावर घालावीत. याला निधी लागत नाही.

आजीला कोणी हे विचारले नव्हते. पापडवालीच्या घरी मी गेल्या महिन्यात गेले. तिचा उजवा हात चालत नाही. तिने डाव्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "या बाई, बसा. लई दिसानं आल्या." मी बसले.