शब्दपरिचय : मुलकी

महाराष्ट्रात 'मुलकी' हा शब्द आज बहुधा महसुलाशी जोडला जातो. मुलकी अधिकारी, मुलकी खाते, मुलकी पाटील हे प्रयोग वाचकांच्या परिचयाचे आहेत. लष्करी नव्हे ते मुलकी, असाही एक अर्थ रूढ आहे. परंतु बीड जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे या शब्दाला आणखी एक अर्थ होता. ज्याचे मूळ याच मुलखातले तो मुलकी आणि बाहेरून आलेला तो गैरमुलकी. (तेथील महसुलाच्या पाटलाला माली पाटील म्हणत.)

शब्द अरबी आहे. 'मुल्क' म्हणजे राज्य आणि 'मलिक' म्हणजे राजा. मालक, मालकी, मुलूख हे आपले नित्याचे शब्द याच धातूपासून आले. अरबीची भगिनी असलेल्या हिब्रू भाषेत राजाला 'मेलेक' म्हणतात, आणि पवित्र शास्त्रातील मलकीसदेक या नावात तोच शब्द दडलेला आहे. गंमत अशी की, ज्याच्या नावात मुलूख आहे त्या याजक-राजाला ना पिता, ना माता, ना वंशावळ, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. मूळ गावाचा दाखला त्याला कोणी दिला नसता.

हैदराबादेत हा शब्द भांडणाचा का झाला? पहिल्या सालारजंगाच्या कारकिर्दीपासून कारभार सुधारण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणली गेली. मोठ्या जागा त्यांच्याकडे गेल्या व स्थानिक सुशिक्षित नाराज झाले. पुढे १९१९ च्या नियमांनी सरकारी नोकरी मुलकींपुरती राखली. जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला मुलकी होताच. परंतु पंधरा वर्षे कायम वास्तव्य करून, पूर्वीच्या ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञेवर लिहून देणाऱ्यालाही मुलकी होता येई. मुलकी पुरुषाची पत्नीही मुलकी ठरे. म्हणजे शेजारच्या ब्रिटिश अमलाखालील अहमदनगर जिल्ह्यातून आष्टीत नांदायला आलेली सून गैरमुलकी राहत नसे.

बीडच्या मराठी शेतकऱ्याला या मुलकीपणाचा उपयोग किती झाला, हा प्रश्न वेगळा. कारभाराची भाषा उर्दू होती. ती न येणाऱ्याला मुलकी असूनही कचेरीचे दार बंदच होते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व येथे तो वाद मागे पडला. आंध्र प्रदेशात मात्र तो पेटत राहिला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरविले आणि १९७३ मध्ये संसदेने ते रद्द केले.

शब्द गेला, पण कल्पना गेली नाही. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी आजही पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातही मूळ व वास्तव्य यांचा विचार आहे, आणि तो आपल्या लोकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. कलम १०१ नुसार मुलाचे मूळ स्थान म्हणजे त्याच्या जन्माच्या वेळी आईवडिलांचा अधिवास जेथे होता ते ठिकाण. मूल प्रत्यक्ष कोठे जन्मले, यावर ते ठरत नाही. कायम राहण्याच्या हेतूने आलेल्याला अधिवास लगेच मिळतो. हेतू नसला तरी पाच पूर्ण वर्षांनी मिळतो. तीन महिने राहण्याचा हेतू असला, किंवा तितके दिवस प्रत्यक्ष राहणे झाले, तर उपअधिवास मिळतो (कलम १०२). पंधरा वर्षे कोठे आणि तीन महिने कोठे!

बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांना ही तरतूद नेमकी लागू पडते. हंगामाचे पाच-सहा महिने ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत त्यांची कोपी असेल, तेथील धर्मगुरू हे त्या काळात त्यांचेही धर्मगुरू असतात (कलम १०७). 'तुम्ही आमच्या धर्मग्रामाचे नाही' असे सांगून त्यांना परत पाठविता येत नाही. विवाहासाठी तर वधूवरांपैकी एकाचे महिनाभराचे वास्तव्यही पुरते (कलम १११५). फडावर असताना मुलाचा स्नानसंस्कार झाला, तर त्याची नोंद संस्कार झाला त्या धर्मग्रामाच्या वहीत होते, गावाकडच्या वहीत नव्हे. म्हणून हंगाम संपवून निघण्यापूर्वी दाखल्याची प्रत मागून घ्यावी. आईवडिलांची नावे, जन्मतारीख व जन्मस्थळ त्यात बरोबर लिहिले आहे की नाही, हे तेथेच वाचून घ्यावे.