एसएसएच पोर्ट-बोगदा

दूरच्या संगणकावरील सेवा कूटबद्ध जोडणीतून स्वतःच्या संगणकाच्या पोर्टवर आणणारी, आज्ञा टंकून चालवायची सोय [→ कूटलेखन].

हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्डचोरी झाल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच (सिक्युअर शेल) ही सुरक्षित दूरप्रवेशाची आज्ञावली लिहिली. ओपनबीएसडी प्रकल्पाचे मुक्त ओपनएसएसएच १९९९ मध्ये आले [→ मुक्त आज्ञावली].

एसएसएच आज्ञेला ‘-एल’ पर्याय दिल्यास स्थानिक पोर्टवर, उदा., ८०८० वर, आलेली माहिती कूटबद्ध होऊन सर्व्हरच्या एसएसएच पोर्टवर (सहसा २२) पोहोचते, तेथे उलगडते आणि इच्छित सेवेकडे जाते. सर्व्हरपलीकडच्या टप्प्याला मात्र बोगद्याचे संरक्षण नसते. ही मर्यादा महत्त्वाची. ‘-आर’ उलट दिशेने चालतो.

पुण्यातील आयसर या विज्ञान संस्थेच्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकावर एसएसएचनेच प्रवेश होतो. परवानगी असल्यास अशा यंत्रणेवर चालणारी, आज्ञा लिहून चालवायची नोटबुक या बोगद्यातून गोंदियातल्या ब्राउझरमध्येही उघडता येते [→ महासंगणक].